पत्र्याच्या वर, पत्र्याच्या खाली

जुनी जीप बघायला आलेला माणूस आधी बॉनेट उघडायला लावतो. मग टायर बघतो, रंगावरून हात फिरवतो आणि निघताना हळूच ‘एकूण किती गेले?’ म्हणून विचारतो. स्टिअरिंगला हात लागतो तो फोटोपुरता. त्या चक्राखालून तिरपा निघून पायांपाशी पत्र्यात शिरणारा जो नळा असतो, त्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. तात्या गाडी चालवताना त्याला डावा गुडघा टेकवून बसत, एवढंच मलाही त्याच्याबद्दल माहीत होतं.

आमची जीप महिंद्राची, सीजे-3बी. उंच बॉनेटवाली. विलीज कंपनीने अमेरिकेत हे मॉडेल 1953 साली आणलं. तेव्हाचं नवं हरिकेन इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच होतं, जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून त्यांनी सरळ बॉनेटच वर उचललं. डिझाइनचा एवढा प्रामाणिक प्रकार मी दुसरा पाहिलेला नाही. तिकडे ही गाडी 1968 पर्यंत बनली, दीड लाखाच्या वर. महिंद्राने मात्र तोच साचा आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षं चालवला. तात्यांनी ती निफाडकडच्या एका बागायतदाराकडून जुनीच घेतली, आणि ऐंशीच्या दशकात पेट्रोल परवडेना तेव्हा ते हरिकेन इंजिन काढून डिझेल इंजिन बसवलं. तेव्हा जीपवाले बागायतदार सर्रास हेच करत होते. आज त्यावर हळहळणारे भेटतात. द्राक्षाचे क्रेट घेऊन पिंपळगावला जायचं, फवारणीची पिंपं आणायची, मजूर पोचवायचे, आणि पारा घसरला की रात्री-अपरात्री बागेत शेकोट्या पेटवायला धावायचं, हे सगळं ज्याला त्या गाडीवर करायचं होतं त्याने इंजिनाच्या अस्सलपणाचा विचार करायला हवा होता, असं मला वाटत नाही.

स्टिअरिंगला प्ले होता. थोडाथोडका नव्हे, चक्र वीतभर फिरवलं तरी पुढची चाकं ढिम्म. त्यामुळे तात्यांचे हात सतत चालू असत; थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे, अगदी सरळ रस्त्यावरसुद्धा. आम्हा भावंडांना वाटायचं, गाडी चालवणं म्हणजे हेच. धाकट्याने शाळेच्या गॅदरिंगमध्ये ड्रायव्हरचं काम केलं तेव्हा खुर्चीवर बसून तसेच हात हलवले. लोक हसले. का हसले, ते आम्हाला कळलं नाही.

तात्या गेल्यावर जीप गोठ्याशेजारी उभी होती. ती नाशिकला आणून खोलायला घेतली ती अण्णांच्या भरवशावर. अण्णा मिस्त्री म्हणजे तिथल्या द्वारका चौकाच्या पुढे एका शेडमध्ये बसणारे, तात्यांच्या वयाचे गृहस्थ. गॅरेज असं आता नाही. मनाला आलं तर काम घेतात. त्यांच्याकडे इंची पान्यांचा संच आहे, ही त्यांची खरी इस्टेट. नव्या पोरांकडे सगळे मिलिमीटरचे पाने, आणि जीपचे जुने नट इंची मापाचे. चुकीच्या पान्याने नटाचे कोपरे गोल करून ठेवलेले जागोजागी सापडले, तेव्हा अण्णा प्रत्येक वेळी नुसतं माझ्याकडे बघायचे, जणू ते मीच केलं होतं.

स्टिअरिंग सुटं करून वर्तमानपत्रावर मांडलं तेव्हा त्या नळ्याचं गुपित कळलं. बाहेर दिसतो तो नुसता अंगरखा. फिरत नाही, भार घेत नाही. आत पोकळ पोलादी शाफ्ट. शाफ्टच्या खालच्या टोकाला जाड कॅम, आणि त्या कॅमवर मळसूत्रासारखी फिरत जाणारी खोल चर. चरीत दोन निमुळत्या पिना बसतात. त्या पिना ज्या लिव्हरवर आहेत तिचा आडवा शाफ्ट, हे सगळं ज्यात बसतं त्या स्टिअरिंग बॉक्सच्या बाहेर येतो, त्याच्यावर ड्रॉप आर्म. चक्र फिरलं की चर पिनांना वर-खाली ढकलते, आर्म मागे-पुढे झुलतो, तो ड्रॅग लिंकला ढकलतो, ड्रॅग लिंक पुढच्या क्रॉसमेंबरवरच्या बेलक्रँकला, आणि बेलक्रँक दोन टाय रॉडना. एका माणसाच्या मनगटापासून दोन टायरांपर्यंत एवढी माणसं रांगेत उभी. प्रत्येकाने केसभर ढिलाई केली की शेवटी वीतभर होते.

ही कॅम आणि लिव्हरची युक्ती डेव्हिड रॉस या अमेरिकन इंजिनिअरची. इंडियाना राज्यातल्या लाफायेट गावात त्याने 1906 साली स्टिअरिंग बनवायची कंपनी काढली. तिथल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या रॉस-एड स्टेडियममधला रॉस तो हाच. त्याच्या कल्पनेतला मला सगळ्यात आवडलेला भाग असा की ती चर सगळीकडे सारखी नाही. मध्यभागी ती मुद्दाम उथळ कापलेली असते, म्हणजे गाडी सरळ चालताना पिना घट्ट बसतात, आणि टोकाकडे, जिथे आपण फक्त वळणावर किंवा पार्किंगला जातो, तिथे थोड्या सैल. विलीजच्या मॅन्युअलमध्ये याचं गुणोत्तर 14-12-14 असं दिलंय. म्हणजे मध्यावर 12 ला 1 (चक्र बारा अंश फिरलं की आर्म एक अंश), टोकांना 14 ला 1. माणूस आयुष्यातला बहुतेक वेळ सरळच चालवतो, झीजही तिथेच होणार, म्हणून आधीच तिथे जास्त धातू शिल्लक ठेवलेला. आमच्या कॅमचा मधला भाग तरीही झिजून चकचकीत झाला होता. टोकाची चर मात्र जवळजवळ कोरी.

बॉक्समध्ये ऑइलऐवजी ग्रीस भरलेलं निघालं. कुणी तरी कधी तरी गळती थांबवायला भरलं असणार. सील बदलण्यापेक्षा ते सोपं. पण ग्रीस एकदा पिनांनी बाजूला ढकललं की परत चरीत वाहून येत नाही. तिथेच गोळा होऊन बसतं आणि धातू धातूवर घासतो. ऑइल गळतं, पण निदान परत येतं. अण्णांनी ते वाळलेलं काळं ग्रीस स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढलं आणि सगळे भाग डिझेलमध्ये बुडवले. दोन दिवस शेडमध्ये कुणी काही बोललं नाही, असं म्हणायला छान वाटेल. प्रत्यक्षात अण्णा अखंड बोलत होते. कांद्याचे भाव, लासलगाव, कुंभमेळ्याच्या रस्त्यांची कामं, सगळं.

लिव्हरचा शाफ्ट ज्यात फिरतो तो बुश पार गेलेला. नवा गनमेटलचा बुश टर्निंग करून घ्यायला आम्ही अंबडला एमआयडीसीत गेलो. लेथवरच्या पोराने रीतीप्रमाणे ड्रॉइंग मागितलं. अण्णांनी फडक्यात गुंडाळलेला शाफ्ट त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “हेच ड्रॉइंग.” पोराने मायक्रोमीटर लावला, चार ठिकाणी मोजलं, आणि चारही मापं वेगळी आली. शाफ्टही झिजून लंबगोल झाला होता. मग शाफ्ट ग्राइंडिंगला, त्याप्रमाणे बुश, बुश दाबून बसवल्यावर तो आतून किंचित आवळतो म्हणून पुन्हा रीमर फिरवून भोक मापात आणायचं. नाशिकमध्ये राहण्याचं हे सुख आहे. ज्या गावात मोठ्या कारखान्यांसाठी हजारोंनी पार्ट कापले जातात, तिथे एका जुन्या जीपचा एकच बुश कापून देणाराही कुठल्या तरी गाळ्यात सापडतो. त्याने पैसे घेतले ते चहापाण्याइतके. बाहेर सातपूरच्या कारखान्यातून निघालेल्या थारचा ट्रेलर सिग्नलला उभा होता. याच घराण्यातली सगळ्यात धाकटी पाती. पोराने ट्रेलरकडे बघितलंसुद्धा नाही. तो शाफ्टच बघत होता.

आता खरा वाद. टाय रॉडला एक वेल्डिंगचा जोड होता. वणीहून सप्तशृंगीच्या गडावर जाताना नांदुरीच्या अलीकडे रॉड मोडला, तात्यांनी कुठल्याशा फॅब्रिकेशनवाल्याकडून तो जोडून घेतला आणि देवीचं दर्शन करूनच परत आले, ही आमच्या घरातली सांगोवांगीची गोष्ट. भावाचं म्हणणं, एवढी वर्षं चालला ना, मग राहू दे. तात्यांची खूण आहे. माझं म्हणणं वेगळं होतं, पण मी काही बोलायच्या आत अण्णांनी रॉड उचलून बाहेर भंगाराच्या ढिगावर टाकला. ड्रॉप आर्मसुद्धा कुणी तरी गॅसवर तापवून वाकवलेला होता, तोही गेला. तापवलं की त्या पोलादाचं मूळचं पाणी उतरतं. मग ते वरून धडधाकट दिसत राहतं आणि एक दिवस काही न सांगता तुटतं.

“पत्र्याच्या वर आहे ते तात्यांचं,” अण्णा भावाला म्हणाले, “पत्र्याच्या खाली आहे ते समोरून येणाऱ्याचं.”

भाऊ गप्प झाला, पण पटलं होतं म्हणून नव्हे. अण्णांशी वाद घालून कुणाचंच काम लवकर होत नाही, हे त्याला कळतं. मला मात्र ते वाक्य फार उपयोगी पडलं. जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्यांमध्ये दोन पंथ आहेत. एकाला सगळं कारखान्यातून आत्ताच निघाल्यासारखं हवं, आणि दुसऱ्याला गंजसुद्धा जपून ठेवायचा असतो. त्याला ते ‘कॅरेक्टर’ म्हणतात. दोघांचंही मला अर्धंच पटतं. चक्राच्या कडेला तडे गेले होते, त्यात तात्यांनी एम-सील भरून वर काळी टेप गुंडाळलेली. टेप काढली, एम-सील तसंच ठेवलं. त्यावर त्यांच्या अंगठ्याने दाबल्याचे वळ आहेत. बाहेरच्या नळ्यावर डाव्या बाजूला, गुडघा टेकायचा तिथे, रंग उडून पत्रा गुळगुळीत झालाय. रंगाऱ्याला सांगितलं, एवढी जागा सोड. त्याला ते पटलं नाही, सोडली मात्र. पण स्प्लिट पिना नव्या, सील नवे, बॉल जॉइंट नवे, बेअरिंगचे कप नवे. तिथे आठवणीला थारा नाही.

जोडणीत सगळ्यात जास्त वेळ गेला तो शिमांमध्ये. कॅमच्या दोन्ही टोकांना बॉल बेअरिंग असतात, आणि वरच्या झाकणाखाली कागदासारख्या पातळ पत्र्याच्या शिमा. एक शिम काढली की बेअरिंग आवळतं, घातली की सैल होतं. हे करताना बाजूचा अॅडजस्टिंग स्क्रू आधी पूर्ण ढिला करायचा; पिना चरीत दाबलेल्या असतील तर घट्टपणा बेअरिंगचा की पिनांचा ते कळणारच नाही. मॅन्युअल सांगतं की किंचित ओढ जाणवली पाहिजे. किंचित म्हणजे किती, ते पुस्तकात कसं लिहिणार? मी फट मोजायचं फीलर गेज काढलं, अण्णांनी ते परत डब्यात ठेवलं. एका बोटाने चक्र फिरवायचं, थांबायचं, शिम काढायची, परत फिरवायचं. मग बाजूचा स्क्रू हळूहळू आवळत आणायचा, ड्रॅग लिंक सोडवलेली ठेवून, आणि चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश न्यायचं.

“मधून जाताना त्याने एक घोट गिळला पाहिजे,” अण्णा म्हणाले. “टोकाला गिळायला नको. टोकाला गिळलं तर वळणावरून परत येणार नाही.”

मी फिरवून बघितलं, मला काही जाणवेना. त्यांनी स्क्रू अगदी नखभर आवळला, चेकनट धरला, आणि म्हणाले आता बघ. मधोमध बोटाला एक अडथळा लागला. अडथळा म्हणण्याइतकासुद्धा नाही, पण होता. सगळा प्ले काढून टाकायचा असतो, असा माझा समज होता. तसं केलं तर स्टिअरिंग जड होतं, वळण संपल्यावर चाकं आपोआप सरळ यायला बघतात ते अडतं, आणि चर दुप्पट वेगाने झिजते. थोडा सैलपणा ठेवावाच लागतो. तो कुठे ठेवायचा, एवढंच आपल्या हातात.

बॉक्ससकट तो लांब दांडा पत्र्याच्या भोकातून ओवणं हे दोघांचं काम आहे, आणि त्यातला एक जण तुमच्यावर ओरडणार हे धरून चाला. बॉक्स चॅसीला, नळा डॅशबोर्डखालच्या ब्रॅकेटला. इथे घाई करणारे फसतात. आधी बॉक्सचे बोल्ट नुसते हाताने लावायचे, वरचं ब्रॅकेट ढिलं सोडायचं, आणि दांड्याला त्याच्या मनासारखं बसू द्यायचं. मग चॅसीचे बोल्ट आवळायचे. आता वरचं ब्रॅकेट नळ्याशी जुळलं नाही तर ब्रॅकेट सरकवायचं. नळा ओढून ब्रॅकेटमध्ये बसवायचा नाही. ओढून बसवलेला शाफ्ट आतून ताणलेला राहतो, बेअरिंग एका बाजूने खातो, आणि इतक्या कष्टाने लावलेल्या शिमांचा हिशेब पार बिघडतो. आमचं ब्रॅकेट जुळलं नाहीच. पूर्वी केव्हा तरी डॅशचा पत्राच वाकला होता. त्याची भोकं कानशीने लांबट करून घेतली.

वरचं बेअरिंग, त्याची स्प्रिंग, मग चक्र. चक्र बसवण्याआधी बॉक्स बरोबर मध्यावर हवा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे होतात ते मोजायचे आणि अर्ध्यावर आणायचं, कारण ती उथळ चर गाडी सरळ असताना पिनांखाली आली नाही तर रॉसची सगळी हुशारी वाया. चाकं सरळ, बॉक्स मध्यावर, मग ड्रॉप आर्म, मग चक्र. बहुतेक गॅरेजांत उलटं होतं: चक्र वाकडं दिसलं की काढून दोन दाते पुढे बसवतात. दिसायला सरळ, आत मध्य सरकलेला. हॉर्नची वायर शाफ्टच्या पोकळीतून वर बटणापर्यंत येते. बटण दाबलं की ती शाफ्टला टेकून अर्थिंग होतं आणि हॉर्न वाजतो. आमचा वाजेना. नव्या रंगामुळे अर्थिंग मिळत नव्हतं. एका बोल्टखाली एमरी पेपर मारल्यावर तो असा वाजला की शेजारच्या टायरवाल्याने शिवी दिली.

आता जरा नकोसं वाटणारं. हा शाफ्ट बॉक्सपासून चक्रापर्यंत एकसंध, सरळ पोलादी आहे. बॉक्स गाडीच्या पुढच्या भागात, दुसरं टोक ड्रायव्हरच्या छातीसमोर. समोरासमोर धडक झाली तर तो मागेच येणार. मर्सिडीजचा इंजिनिअर बेला बारेनी याने धडकेत मुडपणाऱ्या सुरक्षित स्टिअरिंगचं पेटंट 1963 मध्ये घेतलं, आणि अमेरिकेत 1968 पासून नव्या गाड्यांना तसा नियमच आला. आमची जीप त्या विचाराच्या आधीची आहे आणि कितीही शिमा घातल्या तरी आधीचीच राहणार. जुन्या गाड्यांवर प्रेम करणाऱ्यांनी हे तोंडाने म्हणायला शिकलं पाहिजे. ‘जुनं ते दणकट’ म्हणताना दणकटपणा कुणाच्या दिशेने रोखलेला आहे तेही बघावं. आम्ही पट्टे बसवले, हायवे टाळतो, आणि पन्नासच्या वर काटा नेत नाही.

पहिल्यांदा रस्त्यावर काढली ती दिंडोरी रोडने. म्हसरूळ मागे पडलं, गर्दी विरळ झाली, आणि गाडी झुलायला लागली. व्हॉबलिंग म्हणावं तर चाकं थरथरत नव्हती. अण्णा शेजारी बसून बघत होते, काहीच बोलेनात. मागून आई म्हणाली, “तात्यांसारखी झुलवू नकोस रे, सरळ चालव.” तेव्हा लक्षात आलं, झुलवत मीच होतो. हात आपले थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे, नसलेला प्ले भरून काढत होते. पूर्वी तेवढं चक्र हवेतच फिरायचं. आता प्रत्येक हालचाल थेट चाकांना पोचत होती. हात स्थिर ठेवायचे म्हणजे काय करायचं, ते ढकांब्यापर्यंत काही जमलं नाही. भावाला दिली तर त्याचंही तेच. अण्णांना हसू आवरेना.

आता लोक विचारतात, व्हिंटेजमध्ये नोंदवणार का. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 मध्ये वेगळे नियम आले, ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. पण त्यासाठी गाडी मूळ रूपात असायला हवी, आणि आमचं इंजिन तर तात्यांनी केव्हाच बदललेलं. शिवाय ती पाटी लावली की गाडी प्रदर्शनाला आणि रॅलीला न्यायची, रोजच्या वापराला नाही. मग पुन्हा गोठ्याशेजारी उभीच राहिली असती. आम्ही साधंच फेरपासिंग करून घेतोय, पेठ रोडच्या आरटीओत, चार लोकांसारखं.

त्याआधी किंगपिनचं, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खुंटीचं काम आहे. अण्णांनी पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलवून बघितलं आणि ‘हं’ एवढंच म्हणाले. त्या ‘हं’ची किंमत पार्टवाल्याने सांगितली ती ऐकून भाऊ म्हणतोय की चक्राला लेदर कव्हर घालण्याचा बेत त्याने तूर्त सोडलाय. मी त्याला ते कव्हर तसंही घालू देणार नव्हतो.